लाइप्झिगहून दोन दिवसांची बाख टूर: आयझेनाखला पैसे वसूल, क्योटनला पाण्यात

आधीच सांगतो, टूर कंपनीचं नाव टाकत नाहीये. छोटी कंपनी आहे, दोन-तीन माणसांची, उगाच कुणाच्या पोटावर पाय नको. पण लाइप्झिगहून अशा, बाख या तीनशे वर्षांपूर्वीच्या जर्मन संगीतकाराच्या गावांच्या टूर घेणारे आणखीही असतील, तर बुक करताना काय विचारायचं ते तरी कळेल म्हणून लिहितोय. माणशी 210 युरो, मिनीबस, म्युझियमची तिकिटं त्यातच, जेवण आपलं आपण, दोन्ही दिवस रात्री परत लाइप्झिगला सोडतात. पहिला दिवस आयझेनाख आणि वायमार, दुसरा क्योटन आणि मग लाइप्झिगचं थॉमसकिर्श, म्हणजे सेंट थॉमस चर्च, जिथं बाखची कबर आहे. (लिहितात कोथेनसारखं पण तिथली लोकं क्योटन म्हणतात, मी पहिली दोन वर्षं चुकीचंच म्हणत होतो.)

ही टूर घेतली ती बाबांसाठी. बाबा मिरजेहून आलेत तीन महिन्यांसाठी, चाळीसेक वर्षं भजनी मंडळात पेटी वाजवतात, आणि इथं आल्यावर दुसऱ्याच आठवड्यात म्हणाले की तुझ्या या गावात कोण तो बाख म्हणून होता त्याचं काहीतरी दाखव, नाहीतर मी रोज त्या तळ्याभोवती चकरा मारून कंटाळलोय. मला स्वतःला वेस्टर्न क्लासिकल फार कळतं असं नाही, ऑफिसमध्ये हेडफोन लावून ऐकतो तेवढंच, पण बाखच्या आयुष्याबद्दल वाचलंय बऱ्यापैकी. त्यामुळे टूरवाल्यांनी कुठं खरं सांगितलं आणि कुठं थापा मारल्या ते माझ्या लक्षात येत होतं.

सकाळी सातला बस. बस स्वच्छ, ड्रायव्हर शांत, एसी चालू. पण बसमध्ये एकच ट्यून लूपवर, ते जी मेजरमधलं मिनुएट, जे आपल्याकडे कॅसिओच्या क्लासमध्ये तिसऱ्या महिन्यात प्रत्येक पोराला शिकवतात ते. दोन तास. आणि गंमत म्हणजे ते बाखचं नाहीच, ते ड्रेस्डेनच्या ख्रिस्टियान पेत्सोल्ड नावाच्या ऑर्गन वाजवणाऱ्याचं आहे, बाखच्या दुसऱ्या बायकोच्या वहीत उतरवून घेतलेलं सापडलं म्हणून वर्षानुवर्षं बाखच्या नावावर खपलं. बाख टूर, आणि दोन तास दुसऱ्याचंच गाणं! आपल्याकडे नाही का तुकोबांच्या नावावर कुणाचेही अभंग फिरत असतात, तसलं.

पहिल्या दिवसाच्या गाइडबाई मात्र एक नंबर. संगीत शिकवून रिटायर झालेल्या, सत्तरीच्या आसपास, आवाज खणखणीत. आयझेनाखला बाखहाउसच्या दारातच त्यांनी सांगून टाकलं की 1907 मध्ये हे म्युझियम उघडलं तेव्हा सगळे समजत होते बाख याच घरात जन्मला, नंतर लक्षात आलं की नाही. गावात जन्मला हे नक्की, 21 मार्च 1685 ला, पण हे घर ते नव्हे. पुढच्या दोन मिनिटांत खानदान. बाप, काका, चुलत चुलते, सगळे वाजवणारे, इतके की एरफुर्ट भागात गावच्या वाजंत्र्याला लोक बाखच म्हणायचे. बाबा लगेच, "म्हणजे घराणंच की रे." हो, घराणंच. नऊ वर्षांचा असताना आई गेली, दहाव्या वर्षी बाप, मग थोरल्या भावानं ओर्ड्रुफला नेऊन सांभाळला आणि शिकवला.

बाखहाउसबद्दल एवढंच म्हणेन की टूर घेतली नाहीत तरी चालेल पण हे चुकवू नका. नव्या इमारतीत छताला टांगलेल्या पारदर्शक गोल खुर्च्या आहेत, त्यात बसायचं आणि ऐकत झुलायचं, आमची सौ. त्यातून उठेचना. पण खरी मजा जुन्या घरात. तिथं एका खोलीत पट्ट्यांची जुनी वाद्यं आहेत, हार्पसिकॉर्ड, स्पिनेट, क्लाविकॉर्ड, दोन छोटे घरगुती ऑर्गन, आणि ठरावीक वेळेला म्युझियमचंच एक माणूस येऊन प्रत्येक वाद्यावर थोडं थोडं वाजवून दाखवतं. त्यातला एक ऑर्गन 1650 चा आहे. म्हणजे महाराज वीस वर्षांचे असतानाचा, हा माझा हिशोब. त्याला वीज नाही, मोटर नाही, भाता हलवायला दुसरं माणूस लागतं. विचारलं कोण येतंय, आणि मी काही बोलायच्या आत बाबा उठले.

मला आधी वाटलं आता काहीतरी गोंधळ होणार. वाजवणाऱ्या बाईंनी खुणेनं सांगितलं हळू, एकसारखं. बाबांनी मान हलवली जणू काही रोजचंच आहे, आणि खरंच रोजचंच आहे ना, फक्त घरी उजवा हात पट्ट्यांवर आणि डावा भात्यावर, इथं दोन्ही कामं दोन माणसांत वाटलेली. पहिल्या दोन-तीन सुरांना हवा जरा कमी पडली, सूर किंचित खाली बसल्यासारखा झाला, मग बाबांनी तिच्या हाताकडे बघणं सोडून दिलं आणि कानानं हवा द्यायला लागले. जिथं ती जास्त सूर एकदम दाबायची तिथं हे आधीच थोडा जोर लावायचे. शेवटी बाईंनी वळून त्यांच्याकडे बघून काहीतरी म्हटलं, मी भाषांतर केलं, "हे काम पूर्वी कुणीतरी केलेलं दिसतंय." बाबा म्हणाले, "सांग तिला, एकादशीला रात्रभर करतो."

आणि क्लाविकॉर्ड! हे वाद्य इतकं हळू वाजतं की खोलीतले पंचवीस-तीस जण श्वास धरून बसले होते, कुणाचं तरी जॅकेट सरसरलं तर तेच मोठं वाटलं. त्यात पट्टी दाबली की पितळेचा छोटा तुकडा तारेला लागतो आणि पट्टी सोडेपर्यंत तारेला चिकटूनच राहतो, त्यामुळे दाबलेल्या पट्टीवर बोट जरा वरखाली केलं की सूर हलतो. बाईंनी ते करून दाखवलं तसं बाबांनी माझा हात धरला, "अरे हे आंदोलन आहे. पेटीत हे निघतच नाही. आयुष्यभर लोकांनी आम्हाला यावरनं नावं ठेवली." पुढं वायमारपर्यंत बसमध्ये हाच विषय.

जेवण वायमारमध्ये. गाइडबाईंनी दाखवलेल्या हॉटेलात शाकाहारी म्हणून सांगूनही बाबांच्या बटाट्याच्या सूपमध्ये सॉसेजचे तुकडे निघाले, परत पाठवलं तर तेच तुकडे काढून तेच सूप परत आलं की काय अशी मला शंका आहे, म्हणून मीच खाल्लं. नंतर क्ल्योसं मागवले, थ्युरिंगियाचे बटाट्याचे मोठे उकडलेले गोळे, वर मशरूमचा रस्सा. आत सारण म्हणून भाजलेल्या पावाचे तुकडे असतात. बाबांना आवडले, फक्त मीठमिरचीचं काहीतरी करा म्हणाले.

वायमारला बघायला बाखचं जवळजवळ काहीच उरलेलं नाही आणि तरीही हा भाग टूरमध्ये सगळ्यात रंगला, याचं सगळं श्रेय त्या बाईंना. ज्या राजवाड्याच्या चॅपलमध्ये तो वाजवायचा तो राजवाडा 1774 मध्ये जळला. तो राहायचा ते घरही नाही, बाजारचौकात एका भिंतीवर पाटी आहे बस. त्या पाटीसमोर उभं करून बाईंनी आम्हाला त्याची नोकरी सांगितली. संगीत नाही, नोकरी.

कारण हा माणूस नोकरदार होता हो. आपल्याला वाटतं थोर प्रतिभावंत, पांढरा विग, चर्च, देव, वगैरे. 1703 मध्ये अठराव्या वर्षी तो वायमारला पहिल्यांदा लागला तेव्हा पगारपत्रकावर हुद्दा होता चाकर. मग आर्नस्टाटला ऑर्गन वाजवायची नोकरी, तिथून चार आठवड्यांची रजा काढून ल्यूबेकला बुक्स्टेहुडे नावाच्या ऑर्गनवादकाला ऐकायला गेला, चारशे किलोमीटरच्या आसपास अंतर, बहुतेक पायीच, आणि परत आला चार महिन्यांनी! 1708 ला पुन्हा वायमार, आता दरबारी ऑर्गनवादक, 1714 ला बढती होऊन कॉन्सर्टमास्टर, दर महिन्याला एक नवीन कँटाटा, म्हणजे चर्चमध्ये गायची रचना, लिहून द्यायची अट. आणि वायमारला राजे दोन. काका आणि पुतण्या, एकाच गादीचे भागीदार, दोघांचं पटत नाही, काकानं हुकूम काढलेला की माझ्या वादकांनी पुतण्याकडे जाऊन वाजवायचं नाही, वाजवलं तर दहा थालर (तेव्हाचं चांदीचं नाणं) दंड. म्हणजे दोन बॉस, दोघांचं भांडण, आणि मधे आपण. हे ऐकताना आमच्या बसमधले तीन आयटीवाले एकमेकांकडे बघून हसले, त्यात मी एक.

मग 1716 च्या डिसेंबरात म्हातारा कपेलमाइस्टर वारला, म्हणजे दरबारच्या संगीताचा मुख्य. बाखला वाटलं आता आपला नंबर. पद गेलं म्हाताऱ्याच्या मुलाला. 1717 च्या ऑगस्टमध्ये यानं क्योटनच्या राजाची ऑफर घेतली आणि वायमारच्या ड्यूककडे, म्हणजे त्या काकाकडे, सोडून द्या म्हणून मागे लागला, इतका मागे लागला की ड्यूकनं 6 नोव्हेंबरला त्याला आत टाकलं. 2 डिसेंबरपर्यंत. जवळजवळ चार आठवडे तुरुंग, गुन्हा काय, तर राजीनाम्याचा हट्ट! आपल्याकडे एचआर रिलीव्हिंग लेटर अडवतं, तिथं माणूसच अडवला. शेवटी नाराजीचा शेरा मारून सोडला. बाबा म्हणाले, "संस्थानी कारभार." बाबांच्या वडिलांनी संस्थानात कारकुनी केलेली, त्यामुळे त्यांना हे सगळं फार ओळखीचं वाटत होतं.

पहिला दिवस इथं संपला असता आणि टूर इथंच संपली असती तर मी डोळे झाकून पाच स्टार दिले असते.

दुसऱ्या दिवशी त्या बाई नाहीत. का नाहीत ते कुणी सांगितलं नाही. एक तरुण मुलगा आला, वागायला चांगला होता बिचारा, पण फोनवरून वाचत होता, आणि कानात घालायची जी यंत्रं दिली त्यातल्या माझ्यात नुसती खरखर. बस वीस मिनिटं उशिरा सुटली. क्योटनला पोचल्यावर त्यानं जाहीर केलं की इथं आपल्याकडे सत्तर मिनिटं आहेत कारण थॉमसकिर्शला वेळेत पोचायचंय. सत्तर मिनिटं! त्यात राजवाडा, त्यात चॅपल, त्यात टॉयलेट.

माझं डोकं इथं फिरलं. कारण बाख दरबारी संगीतकार म्हणून खरा जगला तो इथं. थॉमसकिर्श लाइप्झिगला आहेच की, ट्रामनं जाता येतं, त्यासाठी क्योटन कापायचं? बरं, त्या मुलानं आरशांच्या दिवाणखान्यात उभं करून सांगितलं की ब्रांडेनबुर्ग कॉन्सर्टो, म्हणजे बाखच्या वाद्यवृंदासाठीच्या सहा गाजलेल्या रचना, इथंच पहिल्यांदा वाजले. अरे बाबा, हा दिवाणखाना एकोणिसाव्या शतकातला आहे, बाख 1723 ला गाव सोडून गेला होता. मी हळूच सांगितलं तर म्हणाला फोनवर तसं लिहिलंय.

मग बाबांना मीच सांगत सुटलो, चॅपलच्या बाकावर बसून, आणि आमच्यामागे हळूहळू दोन जर्मन काकू पण येऊन बसल्या कारण त्यांचंही यंत्र खरखरत होतं, तर अर्धं मराठी अर्धं जर्मन असं चाललं होतं. लेओपोल्ड नावाचा राजा. बाख आला तेव्हा राजा तेवीस वर्षांचा, बाख बत्तीसचा. राजा स्वतः व्हायोलिन वाजवायचा, व्हिओला दा गांबा वाजवायचा, हार्पसिकॉर्ड वाजवायचा, गायचा. 1713 मध्ये बर्लिनला प्रशियाचा नवा राजा गादीवर बसला, त्याला फक्त सैन्यात रस, त्यानं दरबारचा ऑर्केस्ट्राच मोडला, आणि त्यातले चांगले चांगले वादक क्योटनच्या दरबारानं उचलले. एवढ्याशा गावात सतराएक वादकांचा अव्वल ताफा तो असा जमला. बाखला पगार वर्षाला 400 थालर. 1719 मध्ये बर्लिनच्या मीट्के नावाच्या कारागिराकडून मोठा हार्पसिकॉर्ड आणवला त्याला 130 थालर मोजले, म्हणजे बाखच्या वर्षाच्या पगाराचा तिसरा हिस्सा एका वाद्यावर. मिरजेच्या माणसाला हे सांगितलं की तो लगेच हिशोब करतो, बाबांनी केलाच, चांगल्या तंबोऱ्याची किंमत आणि मास्तरचा पगार असा काहीतरी.

राजा कॅल्व्हिन पंथाचा, त्यांच्या चर्चमध्ये मोठं संगीत चालत नाही, म्हणून इथं बाखनं चर्चचं फारसं लिहिलंच नाही. लिहिलं ते वाद्यांसाठी. एकट्या व्हायोलिनच्या त्या सहा रचनांची त्याच्या हातची प्रत 1720 ची आहे. ब्रांडेनबुर्गवाले सहा कॉन्सर्टो 24 मार्च 1721 च्या अर्पणपत्रासह पाठवले. वेल टेम्पर्ड क्लाविअर या पट्टीवाद्यांसाठीच्या रचनांच्या संग्रहाचा पहिला भाग 1722. म्हणजे आज जगभर जे बाख म्हणून वाजतं त्यातलं कितीतरी या पाच-सहा वर्षांतलं आहे, आणि आम्हाला सत्तर मिनिटं.

राजा उन्हाळ्यात कार्ल्सबादला औषधी झऱ्यांच्या पाण्याला जायचा तर बाख आणि काही वादक सोबत, 1718 ला तर हार्पसिकॉर्डसुद्धा नेला. बाबा म्हणाले, "आपले राजे महाबळेश्वरला गवई घेऊन जायचे तसं." 1720 मध्ये असाच कार्ल्सबादहून परत आला तर बायको गेलेली. नुसती गेलेली नाही, पुरूनही झालेलं, 7 जुलैला. निघताना धडधाकट सोडून गेला होता. हे मी सांगितल्यावर बाबा काही बोलले नाहीत, जर्मन काकूंपैकी एक म्हणाली की चार पोरं घरात होती. हो, चार.

त्याच वर्षी त्यानं हॅम्बुर्गला एका चर्चमध्ये नोकरीसाठी वाजवून दाखवलं, तिथला म्हातारा ऑर्गनवादक राइनकेन ऐकून खूश झाला, पण नोकरी मिळाली ती चर्चला 4000 मार्क देणाऱ्याला. बाबा म्हणाले डोनेशन. हे भाषांतर करावं लागलं नाही, काकूंना कळलं.

मग 3 डिसेंबर 1721 ला बाखचं दुसरं लग्न, दरबारातलीच गायिका, आन्ना माग्दालेना, वीस वर्षांची. आणि आठ दिवसांनी, 11 तारखेला, राजाचं लग्न. राणीला संगीताचं वावडं. पुढं 1730 मध्ये बाखनं एका जुन्या मित्राला पत्रात लिहिलंय की राजाची संगीताची आवड तेव्हापासून कोमट झाली. राणी 1723 च्या एप्रिलमध्ये वारली पण तोवर यानं लाइप्झिगला थॉमसकिर्शच्या नोकरीसाठी अर्ज करून परीक्षाही दिली होती. तिथंही तो पहिली पसंती नव्हता, टेलेमान नावाचा संगीतकार नको म्हणाला, ग्राउप्नर नावाच्या दुसऱ्याला त्याच्या मालकानं सोडलं नाही, मग हा. आणि दरबार काही सुटला नाही बरं का, लाइप्झिगला नगरपालिकेशी भांडणं व्हायला लागल्यावर 1733 मध्ये ड्रेस्डेनला अर्ज केला की मला दरबारी पदवी द्या, सोबत एक मोठं मिसा, म्हणजे चर्चच्या प्रार्थनेचं संगीत, लिहून पाठवलं, पदवी आली 1736 च्या नोव्हेंबरात. फाइल तीन वर्षं फिरली.

एवढं होईपर्यंत मुलगा हाका मारायला लागला. बाहेर पडताना बाबांना हानेमानच्या नावाची पाटी दिसली आणि ते रस्त्यातच थांबले. होमिओपॅथीवाला हानेमान! तो या गावात 1821 पासून 1835 पर्यंत राहिला, दवाखाना चालवला, त्याचं घर आहे इथं. बाबांच्या शर्टच्या खिशात त्या क्षणी सुद्धा पांढऱ्या गोळ्यांची बाटली होती, गेली तीस वर्षं असते. घर बघून येऊ म्हणाले, दहा मिनिटं. मुलगा म्हणाला वेळ नाही. बाबा बसमध्ये चढले पण लाइप्झिगपर्यंत त्या मुलाशी बोलले नाहीत, आणि थॉमसकिर्शमध्ये बाखच्या कबरीच्या ब्राँझच्या पाटीसमोर सगळे फोटो काढत होते तेव्हा हे मागं बाकावर बसून गोळ्या खात होते.

स्टार: तीन. पहिल्या दिवसाचे पाच, दुसऱ्याचा एक, सरासरी. तुम्ही जाणार असाल तर आयझेनाख आणि वायमार टूरनं करा, पण आधी फोन करून दोन्ही दिवस गाइड कोण ते विचारून घ्या. क्योटनला लाइप्झिगहून रीजनल ट्रेननं स्वतः जा, सकाळी निघा, राजवाडा, चॅपल, त्यातच पक्ष्यांचं एक जुनं म्युझियम आहे ते, मग हानेमानचं घर, आरामात दिवस जातो. रविवारी जाणार असाल तर खायचं घरून न्या, आम्ही पुढच्याच रविवारी बाबांना घेऊन परत गेलो तेव्हा बेकरीशिवाय काही उघडं दिसलं नाही, सौ.नं थालीपीठ बांधून घेतली होती म्हणून निभावलं.

कंपनीला मेल केला होता. चार दिवसांनी उत्तर आलं, सॉरी म्हणाले आणि पुढच्या टूरसाठी 40 युरोचं व्हाउचर पाठवलं, माणशी नाही, सगळ्यांत मिळून. बाबा पुढच्या गुरुवारी मिरजेला परत चाललेत. व्हाउचर डिसेंबरपर्यंत चालतंय, लाइप्झिगमध्ये कुणाला हवं असेल तर सांगा.